आतल्या कोपऱ्यातलं वर्तुळ

प्रिय डावरे,

हे नाव मी बऱ्याच दिवसांनी लिहितोय. अपघातानंतर ते घरात कुणी उच्चारलंच नाही. ठरवून नव्हे, आपोआप. तुझी आई तुला एकदम खऱ्या नावानं हाक मारायला लागली, मी 'अगं'वर भागवलं, आणि ज्यांनी हे नाव तुला ठेवलं ते आपले पॉलिशवाले मामा तर 'तिची तब्येत कशी आहे' असं विचारायला लागले, जणू तू कुणी सत्तरीची बाई आहेस. आज मात्र लिहितोय. का, ते शेवटी सांगेन. उडी मारून शेवटावर जाऊ नकोस. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय मला माहीत आहे.

आधी घरचं. तुझ्या आईनं चष्मा बदलला आणि आता तिला घरातली सगळी धूळ दिसते, त्यामुळे मी दुकानातच जास्त वेळ असतो. स्वयंपाकघरातला नळ मीच दुरुस्त केला. आता तो गळत नाही, फक्त उलटा फिरतो. तुझी आई आलेल्या-गेलेल्याला सांगते, "आमच्याकडे नळ बंद करायचा असला की उघडायचा." दुकानात मुलाम्याच्या टाक्यांवर धूर ओढणारा मोठा पंखा बसवला. मोरचुदाची निळी टाकी खिडकीकडे सरकवली, म्हणजे पाण्याचा रंग दिवसाच्या उजेडात पाहता येतो. ट्यूबलाइटखाली निळा कधी खरा दिसत नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी शिकलोय, कुणी शिकवलेलं नाही. मामा दर महिन्याच्या शेवटी "आता बस झालं, मालक" म्हणतात आणि पुढच्या एक तारखेला सगळ्यांच्या आधी येऊन पॉलिशचं चाक साफ करत बसलेले असतात.

त्या चाकाला मी पुढून पत्र्याचं आवरण करून घेतलं. आता त्यावर लांब पट्टी धरताच येत नाही. त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही आणि आजही फार बोलणार नाही. तू नीट उभी होतीस, पट्टीही नीट धरली होतीस. चाकाला कड सापडली की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण त्यानं तुझा डावाच हात धरावा, हे मला अजून पचलेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, हात राहील, पकड येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मग तू मावशीकडे गेलीस, तिकडे व्यायाम चालू झाले, पुढे कळलं की मावशीच्या ओळखीच्या कुठल्याशा गॅरेजात तू बिलं लिहायला बसतेस. कोणत्या हातानं लिहितेस, हे विचारायचं माझ्या तोंडाशी किती वेळा आलं असेल. फोनवर तू पहिलंच वाक्य बोलायचीस, "हात बरा आहे, जेवले, तुम्ही जेवलात का?" एका दमात. पुढे विचारायला जागाच ठेवायची नाहीस.

तुला आईच्या कपाटाची किल्ली आठवते का? शाळेत नुकती जायला लागली होतीस. मी नसताना ती लोखंडी किल्ली तारेला बांधून तू निळ्या टाकीत बुडवलीस आणि क्षणात ती तांब्याची झाली. वीज नाही, घासणं नाही, काही नाही. तू नाचत घरी आलीस. मी किल्ली हातात घेतली, अंगठ्याच्या नखानं घासली, आणि सगळं तांबं पापुद्र्यासारखं निघून आलं. तू रडलीस. आई म्हणाली, "पोरीला दोन मिनिटं आनंद झाला तर तो तुम्हाला बघवला नाही का?" मी म्हणालो, जे नखानं निघतं त्याला मुलामा म्हणत नाहीत, आणि संध्याकाळी तुला मांडीवर बसवून तीच किल्ली नीट करून दाखवली. आधी ग्रीस काढायचं, मग पाणी ओतून बघायचं. पाण्याचा पडदा सलग राहिला, कुठे फुटला नाही, तर धातू स्वच्छ. मग पहिल्या टाकीत पातळ थर, जो लोखंडाला घट्ट धरतो, आणि त्याच्यानंतरच निळी टाकी. ती किल्ली अजून त्या कपाटाला लागते. तर सांगायचं एवढंच, की तुझं फोनवरचं 'बरा आहे' मला त्या पहिल्या किल्लीसारखं वाटायचं. लगेच येणारं आणि चकचकीत. नख लावायची माझी हिंमत नव्हती.

आता दुकानातली एक गंमत सांगतो. तिकडून, तुझ्याच गावाकडून, एक दाढीवाला येतो. तुला तो ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पस्तिशीचा असेल, दाढी छातीपर्यंत, हसला की लहान मुलासारखा दिसतो आणि खोटं बोलता अजिबात येत नाही. जुन्या गाड्या घेऊन लोकांना हव्या तशा नव्यानं बांधून देतो. या वेळी त्याच्याकडे दोन दारांची एक जुनी गाडी आहे, आणि तिच्या मालकाचा हट्ट असा, की जिथे जग क्रोम लावतं तिथे सगळीकडे तांबं हवं. आरशांचे दांडे, दारांच्या मुठी, मीटरभोवतीची कडी, आणि बॉनेट उघडलं की दिसणारी सगळी ब्रॅकेटं. वर आणखी एक अट: वेल्डिंग घासून सपाट करायचं नाही. माशाच्या खवल्यांसारखे त्याचे वळसे तांब्याखाली दिसले पाहिजेत. मला अट आवडली. लोक मुलामा मागतात तो बहुतेक वेळा काहीतरी झाकायला. त्यांना वाटतं तांबं म्हणजे रंग आहे, वरून फासला की खालचं दिसत नाही. तांबं खालचा प्रत्येक ओरखडा जसाच्या तसा वर आणतं आणि शिवाय चमकवतं.

पहिली पेटी आली ती मी उघडली आणि खडू काढला. आपली रीत तुला माहीत आहे: आलेला माल खिडकीशी धरून बघायचा, दोष दिसेल तिथे वर्तुळ, आणि वर्तुळ असलेला तुकडा टाकीजवळ जाणार नाही, मग तो कुणाचाही असो. त्या पेटीतले तुकडे मी परत पाठवले तेव्हा गोट्या खेळायला आखल्यासारखे दिसत होते. वेल्डिंगला जागोजागी बारीक छिद्रं. छिद्रात टाकीतलं पाणी अडकून बसतं आणि महिन्याभरानं वर हिरवा डाग येतो. मग गिऱ्हाईक वेल्डरला शोधत नाही, मला शोधतं. कडांवर कानस अशी चालवलेली, की मी वैतागून विचारलं, "हे काय पायानं केलंय का?" दाढीवाल्यानं पेटीवर हात ठेवला. मग फार हळू म्हणाला, "नाही काका. उजव्या हातानं." मला वाटलं माणूस खुळा आहे. हे काय उत्तर झालं? त्यानं पेटी उचलली आणि गाडीत ठेवताना अशी सांभाळून ठेवली, जशी काही आत अंडी आहेत.

दुसरी पेटी आली तेव्हा काम सुधारलेलं होतं. हे मी तोंडानं म्हटलं नाही, पण खडू कमी झिजला. त्यातला एक आरशाचा दांडा मात्र मी बराच वेळ हातात घेऊन बसलो. काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. दोष म्हणावा तर दोष नाही. कानशीच्या रेघा सरळ होत्या, एकसारख्या होत्या, फक्त त्यांचा कल वेगळा. आयुष्यभर मी ज्या रेघा पाहिल्या त्या एका बाजूला कलतात, कारण बहुतेकांचा हात एकाच बाजूनं चालतो. या उलट्या कलत होत्या. तुकडा फिरवून पाहिला, उलटा धरून पाहिला. कल बदलत नाही, तो तसाच राहतो. जगात डावखुरे पुष्कळ आहेत, असं मी स्वतःला सांगितलं आणि दांडा मामांकडे दिला. मामांनी तो चाकावर धरला, थांबले, पुन्हा धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगला हात आहे." मामा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. ते त्यांच्या व्याह्यांनाही 'ठीक आहेत' म्हणतात.

मी त्या दिवशी तुला फोन केला होता. तू "हात बरा आहे, जेवले, तुम्ही जेवलात का?" म्हणालीस. मी जेवलो म्हणालो. मागे ग्राइंडरचा आवाज येत होता. मी म्हटलं, बिलं लिहिताना त्रास होत असेल एवढ्या आवाजाचा. तू म्हणालीस, सवय झाली. मग आपण गळक्या नळाबद्दल बोललो.

तिसऱ्या पेटीत बॉनेटखालची ब्रॅकेटं होती. त्यातलं एक खोलगट, तीन बाजूंनी बंद, एका बाजूनं उघडं, आणि आतल्या कोपऱ्यात वेल्डिंगची एक रेघ. आता हे नीट वाच, कारण हे तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही. बाहेरच्या सपाट वेल्डिंगवरून कारागीर कुठल्या हाताचा ते सांगता येत नाही. तुकडा फिरवला की दिशा फिरते. पण त्या खोबणीत वेल्डिंगचा टॉर्च एकाच बाजूनं जातो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची तार, आणि दोन्ही हातांची बोटं त्या अरुंद जागेत. तिथे दिशेबद्दल वाद नाही. खवले डावीकडून उजवीकडे गेले होते. टॉर्च तारेच्या मागून ढकलत न्यायचा असतो, म्हणजे तो डाव्या हातात. आणि खवले असे एकसारखे, की हात एकदाही थरथरला असता तर दिसला असता. शेवटाला पोचल्यावर रेघ एकदम तुटलेली नव्हती. टॉर्च जरासा मागे आणून, खड्डा भरून, मग उचललेला. तो जरासा मागे आणायचा प्रकार मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. मी तो स्वतः शोधला, मोडके सायलेन्सर जोडून जोडून, आणि आजवर तो एकाच माणसाला शिकवलाय.

मी बसलो. मामांना हाक मारली आणि ब्रॅकेट पुढे केलं. त्यांनी ते घेतलंच नाही. म्हणाले, "आपल्या डावरीचं आहे. मला दुसऱ्या पेटीलाच कळलं." मी म्हणालो, मग तोंडाला काय झालं होतं? तर म्हणे, "तुम्ही विचारलंत कुठे, मालक? तुम्ही खडू मारण्यात गुंग होतात." मग मी त्या लाकडी खुर्चीत, भर दुपारी, दुकान चालू असताना झोपलो. तू मला दुकानात कधी झोपलेलं पाहिलं आहेस का? मामांनी उठवलं नाही, गिऱ्हाईक आलं त्याला म्हणे सांगितलं, "मालक कामात आहेत."

संध्याकाळी ब्रॅकेट फडक्यात गुंडाळून घरी नेलं आणि टेबलावर ठेवलं. तुझी आई म्हणाली, "जेवायच्या टेबलावर लोखंड नको." मी म्हटलं, आतल्या कोपऱ्यात बघ. तिनं नवा चष्मा नाकावर सरकवून पाहिलं. "मला त्यातलं काय कळतंय? सरळ बोला." मी म्हणालो, हे डाव्या हातानं केलंय, आणि ज्यानं केलंय त्याच्या पाच बोटांत पकड आहे. ती उठून नळाशी गेली, तो उलटा फिरवून उघडला आणि बराच वेळ हात धुत राहिली. हात स्वच्छच होते. परत आली ती पदरानं चष्मा पुसत, आणि पहिलं काय म्हणाली असेल? "तुम्ही यावर खडू नाही ना मारलात?"

नव्हता मारला. पण तू समजशील म्हणून सांगतो, मारायची तयारी ठेवून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सगळी सकाळ मी ते ब्रॅकेट खिडकीशी धरून दोष शोधला. भिंग लावून शोधला. तू मला न कळवता माल पाठवलास ते उगीच नाही, हे मला कळतं. मला माहीत असतं तर मी सगळं पास केलं असतं, नाहीतर स्वतःवर संशय घेऊन सगळं नापास केलं असतं. सरळ नजरेनं एक तुकडाही पाहिला नसता. तुला लाड नको होते, खडू हवा होता. म्हणून मी तुझ्या आईचंही ऐकलं नाही. त्याच पेटीतल्या दुसऱ्या ब्रॅकेटवर, बाहेरच्या कडेला, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र सापडलं आणि तिथे वर्तुळ मारून तो तुकडा परत पाठवला. तू तो दुरुस्त करून पाठवलास. छान केलास. खोलगट ब्रॅकेटमध्ये मात्र काही सापडलं नाही.

त्याला तांबं मी माझ्या हातानं चढवलं, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आतला कोपरा त्रास देणार हे माहीत होतं. तांबं आळशी असतं; जवळची कड दिसली की तिथेच बसतं, आतल्या खाचेत जायला तयार नसतं. तेव्हा तांब्याची एक बारीक सळई वाकवून त्या खोबणीत सोडली, कुठे टेकणार नाही अशी, म्हणजे तिथल्या तिथे तांबं सुटावं आणि कोपऱ्यात बसावं. वीज कमी ठेवली. घाई केली असती तर कडा जळल्या असत्या. वेळ झाल्यावर तुकडा टाकीबाहेर काढला. धुतला, उजेडात धरला. एकेक खवला वर आला होता, ताज्या तांब्याचा तो गुलाबी रंग, जो बोट लागलं की काळवंडतो. बोट लावलं नाही. वाळवलं आणि हवा लागू नये म्हणून लगेच वरून पारदर्शक लॅकर मारलं.

पेट्या परत न्यायला आलेल्या दाढीवाल्यानं नेहमीसारखं विचारलं, "काका, कारागिराला काही निरोप?" आतापर्यंत मी "त्याला सांग डोळे तपासून घे" वगैरे सांगायचो. या वेळी हे पाकीट त्याला दाखवलं आणि शेवटचं पान लिहून होईपर्यंत त्याला बसवून ठेवलंय. वर तुझं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "मी काही बोललो नाही हं काका," म्हणाला. मी म्हटलं, तू नाही बोललास, कोपरा बोलला. तो भला माणूस आहे. पहिल्या पेटीच्या वेळी मी जे बोललो ते त्यानं तुला सांगितलं नसेल तर सांगू नये, आणि सांगितलं असेल तर तू हसली असशील अशी आशा करतो. पुढचा माल स्वतः घेऊन ये, नाहीतर याच्याबरोबर पाठव, तुझ्या मनावर आहे. पण पेटीवर तुझं नाव असू दे.

आता हे पत्र का, ते सांगतो. पेटीत सगळ्यात खाली, मऊ कापडात, ते खोलगट ब्रॅकेट आहे, आणि त्याच्या आतल्या कोपऱ्यात तुला एक वर्तुळ दिसेल. माझंच आहे. माझ्या दुकानात वर्तुळाचा अर्थ एकच असतो आणि तो तुझ्या हाडात भिनलाय. ते दिसलं की तू काही न विचारता सगळं तांबं उतरवशील आणि ग्राइंडर घेऊन तो कोपरा खरवडून काढशील. म्हणून दाढीवाल्याला बजावलंय, आधी पाकीट, मग पेटी. तिथे दोष नाही. खूण करायला माझ्याकडे दुसरं चिन्हच नव्हतं. चांगल्या कामाला काय मारायचं, हे मी इतक्या वर्षांत कधी ठरवलंच नाही. लॅकरवर साधा खडू उमटत नाही, म्हणून मेणखडू वापरलाय. मऊ कापडानं निघेल. डाव्या हातानं पूस.

तुझाच,
खडू खिशात ठेवलेला
बाबा